तिच्या पुढ्यात उभी असताना

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हॉलच्या जमिनीवर बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होती. मला वाटलं, कुणाची तरी आई असेल, मुलाला न्यायला आलेली. सदतीस-अडतीसची, उंच, केस अगदी बारीक कापलेले, अंगात रंग उडालेला केशरी स्वेटशर्ट. मग ती उठली, समोरच्या बाईबरोबर दोन-चार मिनिटं नुसते उंच टॉस मारत खेळली, आणि मी बुटाची नाडी हातात तशीच धरून बघत राहिले.

शाळा-कॉलेजात मी राज्य पातळीपर्यंत बॅडमिंटन खेळले होते. फार पुढे गेले नाही, पण खरा खेळाडू ओळखता येण्याइतकी गेले होते. ही बाई शटलच्या मागे धावत नव्हती. शटल जिथे येणार तिथे ती आधीच असायची.

कोलोनला येऊन मला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी धरली होती. नवऱ्याचं ऑफिस फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला, तो सोमवारी पहाटे जायचा तो गुरुवारी संध्याकाळी यायचा. मधले दिवस मी आणि मुलगी. मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि आमचं बरं चालायचं. पण बाकी माणूस म्हणून कुणी नव्हतं. ऑफिसातल्या एका बाईनेच सांगितलं, "एखाद्या फेराइनमध्ये नाव घाल. इथे फेराइनशिवाय माणसं भेटत नाहीत." तसं मी या क्लबात नाव घातलं, आणि दर मंगळवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जाऊ लागले.

तिच्याबद्दल मला हळूहळू कळत गेलं, बरंचसं आमच्या कॅप्टनकडून. तो एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. ती डच. सीमेपलीकडे लिंबुर्गमध्ये तिचं गाव, इथून गाडीने तासाभरावर. सोळाव्या वर्षी ती तिकडच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात राहायला गेली. जकार्ता, क्वालालंपूर, कोपनहेगन, सगळीकडे खेळून आली. एकदा हैदराबादलाही. तिथे पहिल्याच फेरीत हरली, पण डोसा आवडला, असं तिने मला फार आनंदाने सांगितलं होतं. तेविसाव्या वर्षी तिने राष्ट्रीय संघ सोडला आणि तेव्हापासून जर्मन लीगमध्ये खेळत राहिली. आठवडाभर एखाद्या क्लबचा सराव, शनिवार-रविवारी मॅच, मागच्या सीटवर रॅकेटची बॅग आणि डब्यात उकडलेले बटाटे. आधी वरच्या लीगमध्ये, मग दुसऱ्या, आता आमच्या तिसऱ्या. वर्षागणिक ती एक एक पायरी खाली येत होती आणि त्याबद्दल तक्रार करत नव्हती.

एकच गोष्ट वेगळी होती. ती महिला दुहेरी खेळायची नाही. आधी एकेरी खेळायची, गुडघे बोलायला लागल्यावर मिश्र दुहेरी. मिश्र दुहेरीत बाई बहुतेक वेळ नेटपाशी असते आणि पुरुष मागे. म्हणजे तिच्या पुढे कुणीच नसतं. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. क्लबात कुणी विचारायचं नाही. एखादा माणूस मांस खात नाही हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसं हे ठाऊक होतं.

क्लबाच्या पहिल्या संघात तीन बायका होत्या, म्हणून हे निभत होतं. त्या हिवाळ्यात त्यातली एक नोकरीसाठी म्युनिकला गेली आणि दुसरीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. सामन्याला दोन बायका लागतातच. कॅप्टन माझ्याकडे आला. मी म्हटलं, "मी छत्तीस वर्षांची आहे." तो म्हणाला, "गेनाऊ. बरोबर. आणि बाकी कुणीही नाही."

आता महिला दुहेरीत आम्ही दोघीच होतो.

"तो सामना सोडून द्या," ती म्हणाली. "एक पॉइंट गेला तर गेला." पहिले दोन आठवडे तसंच केलं. दोन्ही वेळा संघ एका पॉइंटने हरला. तिसऱ्या मंगळवारी कॅप्टनने यादीत आमची दोघींची नावं एकाखाली एक लिहून भिंतीला लावली. तिने ती यादी बराच वेळ वाचली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "तू पुढे. मी मागे. मागचं कोर्ट या लीगमध्ये तुला झेपणार नाही."

दुहेरीत पुढे उभ्या राहणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात: मागे वळून बघायचं नाही. मागून जोडीदार स्मॅश मारतो तेव्हा शटल तुमच्या कानाजवळून जातं, आणि त्या क्षणी तुमचा चेहरा तिकडे असेल तर संपलं. माझे सर आम्हाला मान वळवली की रॅकेटच्या मुठीने पाठीत टोचायचे. इतकी वर्षं मध्ये गेली तरी पाठीला ते आठवत होतं.

पण त्या संध्याकाळी मागून स्मॅश आलाच नाही. समोरच्यांनी शटल उंच उचललं की मी रॅकेट वर धरून वाट बघायचे, आणि माझ्या डोक्यावरून नेटलगत हळूच पडणारा एक मऊ ड्रॉप जायचा. पुन्हा उचललं, पुन्हा ड्रॉप. तिच्यासारखी खेळाडू, शटल मारण्याजोगं आलेलं, आणि ती मारत नव्हती. समोरच्या पोरींना दहा मिनिटांत ते कळलं. त्या बिनधास्त शटल उचलायला लागल्या.

त्या महिन्यात माझ्या सासूबाई कराडहून आल्या होत्या. तीन महिन्यांचा व्हिसा, त्यातले दोन थंडीतच जायचे होते. घरात बसून कंटाळतात म्हणून मी त्यांना सरावाला घेऊन गेले. हॉलमधल्या लाकडी बाकावर स्वेटर, शाल, कानटोपी घालून त्या दीड तास बसल्या. बॅडमिंटन त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. परतताना ट्रॅममध्ये त्या म्हणाल्या,

"अगं, ती तुझ्या मागची बाई त्या फुलाकडे बघतच नाही."

"मग कुठे बघते ती, आई?"

"तुझ्या मानेकडे. सारखी तुझ्या मानेकडे बघते. कुणाला तरी भ्यायलीय ती."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या मंगळवारी नेटपाशी उभी राहिले आणि मानेवर काहीतरी बसल्यासारखं वाटायला लागलं. लहानपणी अंधारात जिना चढताना वाटतं ना, मागे कुणी आहे, तसं. वळून बघावं असं सारखं वाटायचं. इतकी वर्षं जे कधी मनातही आलं नव्हतं, ते आता एका रॅलीत दहादा मनात यायचं.

पुढच्या रविवारी बाहेरगावी सामना होता. आमचा दुहेरीचा सामना आम्ही हरलो, पण संघ कसाबसा जिंकला. दुपारी परतताना मी आणि सासूबाई तिच्या गाडीत होतो. सासूबाई मागच्या सीटवर संत्री सोलत होत्या आणि एक एक फोड पुढे देत होत्या. ती फोड घ्यायची, खायची, आणि मराठीत "थँक यू" म्हणायची, म्हणजे इंग्रजीतच, पण सासूबाईंसारखं "थ्यांक्यू".

ऑटोबानवर गाडी स्थिर लागल्यावर तिने आपणहून सांगितलं. आवाज अगदी साधा, रस्ता सांगावा तसा.

तिची एक जोडीदार होती. अकराव्या वर्षापासून दोघी एकत्र. एकाच गावातल्या, एकाच हॉलमधल्या, पुढे राष्ट्रीय केंद्रातही एकाच खोलीत. ती मागे, जोडीदार पुढे. बारा वर्षं. एका सकाळी, सामन्यात नव्हे, साध्या सरावात, हिने स्मॅश मारला आणि त्याच क्षणी पुढचीने मान वळवली. शटल डाव्या डोळ्यात लागलं. तीन ऑपरेशनं झाली. डोळा राहिला, पण त्यातून दिसणं गेलं.

"तिने मला एक पत्र लिहिलं," ती म्हणाली. "तुझी चूक नाही, असं. मी उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार? त्यांनी मला नवीन जोडीदार दिली. पहिल्या दिवशी मी मागे उभी राहिले, शटल वर गेलं, मी हात उचलला आणि पुढे ती होती. नवीन मुलगी नाही. ती. आणि ती वळली."

समोरचा ट्रक ओलांडून तिने गाडी पुन्हा उजव्या लेनमध्ये घेतली.

"आल्झो, म्हणून मी संघ सोडला. एकेरीत पुढे कुणी नसतं. इतकी वर्षं ठीक होतं."

"आणि आता?"

"आता पुढे तू असतेस," ती म्हणाली, "आणि मी हात उचलला की तू नसतेस."

मागून एक फोड पुढे आली. सासूबाईंनी विचारलं, "काय सांगतेय गं ती?" मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगते, आई." घरी गेल्यावर सांगितलं. त्या शालीची घडी घालत म्हणाल्या, "मग दुसरीला जाऊन भेटत का नाही ही?"

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या हॉलवर होता, आणि त्यानंतर आपण थांबणार असं तिने कॅप्टनला सांगून ठेवलं होतं. हरलो तर संघ खालच्या लीगमध्ये जाणार होता. बाकीचे सामने होता होता सगळं बरोबरीत आलं आणि आमची महिला दुहेरी उरली. पन्नास-साठ माणसं बाकांवर होती. आमच्यासाठी ती गर्दीच.

पहिला गेम तिने नेहमीसारखा ड्रॉपवर काढला आणि आम्ही हरलो. मध्यंतरात ती टॉवेल तोंडावर धरून उभी होती. मी जवळ गेले.

"मार," मी म्हटलं.

तिने टॉवेल खाली केला. "तू वळणार नाहीस ना?"

"नाही."

"शपथ घे."

मी शपथ घेतली. छत्तीस वर्षांची बाई, जर्मनीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, गळा चिमटीत धरून. तिला तो हावभाव कळला असेल की नाही कोण जाणे, पण तिने मान हलवली.

दुसऱ्या गेममध्ये ती मारायला लागली. असा आवाज मी त्याआधी जवळून ऐकला नव्हता. डोक्यामागे कुणीतरी फळी मोडावी तसा, आणि पाठोपाठ कानाजवळून वारा. समोरच्या मुली नुसत्या रॅकेट आडव्या धरत होत्या आणि परत आलेलं शटल मी नेटवरच मारत होते. आम्ही तो गेम सहज घेतला. बाकांवरची माणसं पाय आपटत होती. एकदा तर ती हसली सुद्धा. तिचं ते हसणं मला ऐकू आलं. मी ते बघितलं नाही.

तिसऱ्या गेममध्ये, दोन-तीन पॉइंट उरले असताना, समोरून शटल अगदी उंच आलं. मी नेटपाशी रॅकेट वर धरली आणि आवाजाची वाट बघायला लागले. आवाज आला नाही. ड्रॉप असता तर एव्हाना डोक्यावरून गेला असता. तोही गेला नाही. मागे पूर्ण शांत होतं, जणू त्या अर्ध्या कोर्टात कुणी नव्हतंच. ती शांतता मला सहन झाली नाही.

मी वळले.

ती हात उचलून उभी होती. शटल तिच्या खांद्याजवळून खाली आलं आणि बुटापाशी पडलं. तिने ते पाहिलंही नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मला खात्री आहे की तिला माझा चेहरा दिसत नव्हता. तिने हळूच एक नाव घेतलं. माझं नव्हे.

मग तिने रॅकेट जमिनीवर ठेवली, टाकली नाही, ठेवली. नेटपाशी जाऊन समोरच्या दोघींशी हात मिळवला, पंचांशी मिळवला, आणि जॅकेट खांद्यावर घेऊन हॉलबाहेर गेली. सामना आम्ही सोडल्याचं पंचांनी लिहिलं. संघ खाली गेला. तिच्या सत्तावीस वर्षांच्या खेळाचा शेवट हाच. फुलं नाहीत, भाषण नाही. कॅप्टनने तिच्यासाठी आणलेला केक चार दिवस क्लबाच्या फ्रिजमध्ये तसाच होता.

मला कुणी काही बोललं नाही. जर्मन माणसं अशा वेळी बोलत नाहीत. पण मी वळले होते हे सगळ्यांनी पाहिलं होतं. रोज सकाळी दात घासताना आरशात मला ती दिसायची, हात उचललेली, आणि वाटायचं, शपथ घेऊन मी वळले कशी?

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस?"

"कशासाठी?"

"तिच्याकडे जायचंय. तिने ये म्हटलंय."

"मी कशाला?"

"तू तिच्या जागी उभी होतीस," ती म्हणाली. "माझ्या पुढे उभं राहणं काय असतं, ते तिच्याशिवाय तुलाच ठाऊक आहे."

ती जुनी जोडीदार आणि तिचा नवरा सीमेपलीकडे काचेच्या मोठ्या शेडमध्ये ढोबळी मिरचीची रोपं वाढवत होते. दुपारचं ऊन होतं, काचेखाली गरम, आणि रोपांचा हिरवा वास नाकात जात होता. ती बाई ठेंगणी, मजबूत, हाताला माती. डावा डोळा उजव्यापेक्षा जरासा फिकट, एरवी काही कळलं नसतं. फक्त कॉफीचा कप ठेवताना ती आधी बोटांनी टेबलाची कड चाचपायची. दोघींनी एकमेकींना मिठी मारली नाही. हात मिळवला. मला डच येत नाही म्हणून ती माझ्याकडे बघून जर्मनमध्ये बोलत होती, आणि मग दोघीही जर्मनमध्येच बोलत राहिल्या. परक्या भाषेत त्यांना सोपं जात असावं.

थोडा वेळ रोपांवर, आईवडलांवर बोलणं झालं. मग माझ्याबरोबर आलेली म्हणाली,

"एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. डॉक्टरांना नाही, कोचना नाही. त्या दिवशी मी ओरडले होते. 'माझं' म्हणून. उशिरा ओरडले, मारता मारता. तू त्या हाकेला वळलीस." 'माझं' हा एकच शब्द ती डचमध्ये म्हणाली.

समोरची तिच्याकडे बघत राहिली. "तू ओरडली नव्हतीस."

"ओरडले होते."

"नाही."

"माझा आवाज मला अजून ऐकू येतो."

"तू कधीच ओरडायची नाहीस," ती बाई म्हणाली. "कोच तुला त्यावरून रोज बोलायचे, आठव. त्या दिवशी मागे काहीच आवाज नव्हता. पायांचासुद्धा नाही. मला वाटलं, तू कोर्ट सोडून गेलीस. म्हणून मी वळले."

वरच्या काचेवर एक पक्षी चालत होता, त्याची नखं वाजत होती.

"मी पत्रात लिहिलं तुझी चूक नाही," ती पुढे म्हणाली. "ते खोटं होतं. मला फार राग होता. तू एक हाक मारली असतीस तर मी वळले नसते. पाच-सहा वर्षं मी रोज तेच म्हणायचे, एक हाक मारली असतीस तर. मग ही शेड आली, मुलं आली, राग कमी झाला. पण तू हाक मारली होतीस, असं मला आज सांगू नकोस. ते मला चालणार नाही."

माझ्या शेजारी बसलेली पांढरी पडली होती. तिने कप उचलला आणि न पिता परत ठेवला. मी मध्ये काही बोलावं असं मला फार वाटलं. की मी वळले तीही मागच्या शांततेलाच. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि ते बोलायची जागा माझी नव्हती.

निघताना जोडीदाराने आम्हाला दोघींना रोपांचा एक एक ट्रे दिला. गाडीशी हिला म्हणाली, "जूनमध्ये ये. तेव्हा माणसं कमी पडतात." ती माफी होती की नुसतं कामाचं बोलणं, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

परतताना राइनवरचा पूल दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "तो आवाज मला पंधरा वर्षं ऐकू येतोय. मी ओरडले नसेन तर तो कुणाचा?"

मी म्हटलं, "तिला चुकीचं आठवत असेल."

"या," ती म्हणाली, म्हणजे जर्मन 'हो'. "किंवा मला."

ती जूनमध्ये गेली. नंतरही जात राहिली, शनिवारी, रोपं पेट्यांत भरायला. मला कधी कधी फोटो पाठवते: काचेखाली लांबच लांब हिरव्या रांगा, कुणाचाच चेहरा नाही. त्या दिवसाबद्दल दोघी पुन्हा बोलल्या नाहीत, असं तिने एकदा लिहिलं. रॅकेट तिने हातात घेतलेली नाही.

मी अजून खेळते. आता माझी जोडीदार एका हॉस्पिटलमधली नर्स आहे, पंचविशीची, जोरात मारणारी. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, मागून बोलत राहा, काहीही बोल, पण गप्प राहू नकोस. ती हसली आणि बडबडत राहिली. गेल्या मंगळवारी शटल माझ्या अगदी डोक्यावर आलं, मला सहज मारता आलं असतं. मागून हाक आली, स्पष्ट, डचमध्ये, "माझं." मी रॅकेट खाली घेतली. शटल आमच्या दोघींच्या मध्ये पडलं.

"सोडलंस का?" नर्सने विचारलं. "मी तर हाक मारलीच नव्हती."

मी शटल उचललं, त्याची पिसं सरळ केली, आणि समोरच्यांकडे सर्व्हिससाठी दिलं.